पायदळी न आलेलं मीठ

"आईनेच झाडलं असणार," रेवतीताई फोनवर कुणाला तरी सांगत होती. "तिला मीठ पायदळी आलेलं चालत नाही ना."

मी दारातच बूट काढत होते. एक बूट हातात. तेव्हाच बोलायला हवं होतं – आणि तेव्हापासूनच मी गप्प राहिले. दोन वर्षं. घरी माझ्या आईलाही यातलं काही माहीत नाही, म्हणून तुम्हाला सांगतानाही अडखळतेय.

अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये मी रेवतीताईच्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहते. रस्त्यावरचा बर्फ सिटीच्या गाड्या काढतात, उरलेला वितळावा, कुणी घसरू नये म्हणून मीठही टाकतात. पण घरासमोरचा फुटपाथ ज्याचा त्याने बघायचा. सगळ्यात आधी मी बाहेर पडते, म्हणून मीठ टाकायचं काम माझं. बादली दारामागेच असते. अवघड काय होतं त्यात?

त्या हिवाळ्यात रेवतीताईची आई, आमच्या काकू, नागपूरहून आल्या होत्या. आल्या आल्याच त्यांनी मी टाकलेलं मीठ झाडूने कडेला सारलं – मिठावर पाय देऊ नये म्हणून. आम्ही खूप हसलो. त्यानंतर त्यांनी तिथे कधीच झाडू लावला नाही. हे मला माहीत होतं.

आणि त्या सकाळी? पाऊस पडून गोठला होता, फुटपाथ काचेसारखा झालेला. मी बादली उचलली, तर बाहेर शेजारचे जोशीकाका फावड्याने त्यांचा बर्फ काढत होते. काका वाईट नाहीत. पण मी दिसले की विचारायचे, "काय इंग्लिश मीडियम, एकोणसत्तर म्हणजे किती?" मला नाही येत. ते आत जाईपर्यंत मी पडद्याआड उभी राहिले – एका आकड्याला घाबरून – आणि बसची वेळ झाली. बादली तिथेच ठेवली. गवतावरच्या बर्फात पाय रोवत, कडेकडेने पळाले. म्हणजे फुटपाथ निसरडा आहे हे मला कळत होतंच ना?

दुपारी काका आमचा डबा परत द्यायला आले आणि दारासमोर पडले. मनगट मोडलं. नंतर प्लास्टरचा हात दाखवून त्यांनीच चेष्टा केली, "वहिनी, तुमच्या मिठाला जागायला आलो होतो, तर तुम्ही मीठच झाडून टाकलंत."

काकू हसल्या नाहीत. "मी नाही झाडलं," म्हणाल्या. रेवतीताई हळूच म्हणाली, "आई, विसरली असशील." तेव्हा काकू माझ्याकडे वळल्या. "तू टाकलं होतंस ना गं?"

मी मान हलवली. हो म्हणून. तोंड न उघडता खोटं बोलता येतं – हे मला तेव्हा कळलं.

मग काकूच म्हणायला लागल्या, "झाडलं असेल बाई, आठवत नाही." गॅस बंद केला का, हे बघायला जेवता जेवता उठायच्या. रेवतीताई त्यांच्या गोळ्या स्वतः काढून द्यायला लागली. मी समोर बसून जेवत होते. अजून काय सांगू?

यंदा काकू पुन्हा आल्यात. परवा वरण ढवळताना थांबल्या. रेवतीताई शेजारीच कोशिंबीर करत होती. काकूंनी मला विचारलं, अगदी हळू, जणू चोरी पकडली जाईल, "मीठ घातलं का गं मी?"

"वरणात घातलंत, काकू," मी म्हणाले. "त्या दिवशी बाहेर मी टाकलंच नव्हतं."