गाळलेली अडतीस पानं

आमच्या चिरुटांच्या कारखान्यात ओनेलिया सायास बावीस वर्षं वाचनबाई होती. दालनात एकशे सहा माणसं चिरूट वळत बसतात. हात गुंतलेले, कान मोकळे. उंच ओट्यावर बसून सकाळी वर्तमानपत्र आणि जेवणानंतर कादंबरी वाचायची, हे तिचं काम. कादंबरी कोणती, ते हात वर करून ठरतं. वाचणारी कोण, तेही. हात मोजायला मला बोलावत, कारण मी कार्यालयातला हिशेबनीस.

ओनेलियाची निवड झाली तो दिवस मला आठवतो. तीन दिवस तिने छान वाचून दाखवलं होतं. मत घेण्याआधी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "बाई, कपाटातलं ते जाडं रशियन पुस्तक वाचलंय का?"

"वाचलंय की," ती म्हणाली आणि निवडून आली.

ते पुस्तक दोन भागांचं, अकराशे चाळीस पानांचं. दर सप्टेंबरला कुणीतरी त्याचं नाव सुचवायचं आणि दर सप्टेंबरला ते एखाद्या खुनाच्या कथेपुढे हरायचं. "आम्ही वाचलंय ते, पुन्हा कशाला?" असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो.

गेल्या सप्टेंबरला बासिलिओ क्विआला उभा राहिला. वय त्रेसष्ट, दालनातला सर्वांत जुना कारागीर, मोतीबिंदूमुळे छापील अक्षर त्याला दिसत नाही. "मी एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी निवृत्त होतोय," तो म्हणाला. "एकसष्ट साली तेव्हाचा वाचक हे पुस्तक वाचत होता. म्हातारा गाडीवान येफिम बर्फातून डॉक्टर आणायला निघाला आणि पहिला भाग संपला. दुसऱ्या दिवशी वाचकच देश सोडून मायामीला निघून गेला. दुसरा भागही पिशवीत घालून घेऊन गेला, गाढव! नवा भाग आला, पण तुम्ही कधी मत दिलं नाहीत. येफिमचं काय झालं, ते मला ऐकून जायचंय."

एकशे सहा हात वर झाले. मी ओट्याकडे पाहिलं. ओनेलिया हसत होती, पण तिने पाण्याचा अख्खा पेला एका दमात संपवला.

कारखान्याची पुस्तकं घरी न्यायला बंदी, म्हणून त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ती पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी यायची. रोज वाचायची पानं आधी नजरेखालून घालायची, अवघड नावं पुटपुटायची. एकदा दार लावून घेतलं आणि म्हणाली, "लिओनेल, मी हे वाचलेलं नाही. रात्रभर धडधडतं मला. पुढे काय आहे, काही ठाऊक नाही. कुणाला सांगू नकोस हं."

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, की मीही वाचलेलं नाही. पण मी ते सांगितलं नाही.

पुस्तक दालनाने डोक्यावर घेतलं. कारखान्याच्या बसच्या चालकाला सगळे येफिम म्हणू लागले. पण वीज जायची. वीज गेली की माइक बंद, आणि तिचा घसा शेवटच्या बाकापर्यंत पोचत नसे. दिवस बुडत गेले. दुसरा भाग सुरू झाला, गोष्टीतला येफिमचा मालक शहरात अडकला, येफिमचं नावच निघेना. बासिलिओ रोज विचारायचा, "बाई, आज तरी येणार का माझा येफिम?"

"येईल, येईल," ती म्हणायची. मग माझ्याकडे येऊन विचारायची, "येईल ना रे?"

एप्रिलच्या सुरुवातीला मी कागदावर मांडून दाखवलं. पानं उरली दोनशे नऊ. दिवस एकोणीस. रोज नऊ पानं धरली तर होतात एकशे एकाहत्तर. अडतीस पानं जास्त.

तिचा चेहरा उतरला. "शेवट ऐकल्याशिवाय जाईल तो. चव्वेचाळीस वर्षं थांबलाय माणूस. तू वाचलंयस ना? सांग, काय गाळू?"

मी पानं चाळली. एका जागी तीन प्रकरणं होती, मथळे शेतीचे. गव्हाची पेरणी, पाण्याचा निचरा, गवताची कापणी. मोजली तर बरोबर अडतीस पानं. "ही गाळ," मी म्हणालो. "इथे काही घडत नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने त्या पानांना दोन्हीकडून कागद लावले आणि दुसऱ्या दिवशी सफाईने उडी मारली. कुणाला कळलं नाही. आठवडाभर आमचा जीव भांड्यात पडला होता.

आमच्याकडे वाचन आवडलं की कारागीर तंबाखूचं पान कापायचं पातं लाकडी पाटावर आपटतात. नावडलं तर जमिनीवर टाकतात. बावीस वर्षांत ओनेलियाच्या वाचनात एकही पातं खाली पडलं नव्हतं. त्या बुधवारी ती पानं आधी न चाळताच वाचत होती, "मालक अंगणात आला तेव्हा काळ्या कपड्यांत येफिमची विधवा..."

ती थांबली. मी दारातच उभा होतो. 

बासिलिओचं पातं फरशीवर खणकलं.

"विधवा?" तो म्हणाला. "बाई, तो मेला कधी?"

 मग दुसरं पातं पडलं, तिसरं पडलं. मागून तेरेसा ओरडली, "आमचा येफिम गिळलात की काय, बाई? वर बसून एकटीनेच खाल्लात?"

ओनेलियाने चष्मा काढला. "मी अडतीस पानं गाळली," ती माइकमध्ये म्हणाली. "तुम्हाला शेवट वेळेत ऐकवायचा होता, बासिलिओ. तो त्या पानांत मेला असेल, मला माहीत नव्हतं. मी हे पुस्तक वाचलेलं नाही. बावीस वर्षांपूर्वी खोटं बोलले. दुसरी वाचनबाई निवडायची असेल तर आत्ता हात वर करा."

माझं नाव तिने घेतलं नाही. मी ओट्यापाशी गेलो. "पानं मी सांगितली," मी म्हणालो. "वाचलंय असं सांगून. मीही वाचलेलं नाही."

"अरे वा! आमचा हिशेबनीसही तसलाच निघाला," तेरेसा म्हणाली.

बासिलिओ वळून दालनाकडे तोंड करून उभा राहिला. "दरवर्षी म्हणता ना, वाचलंय, वाचलंय? ज्यांनी वाचलंय त्यांनी हात वर करा. लिओनेल, मोज."

मी ओळीने पाहत गेलो. "एकही नाही," मी म्हणालो.

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग हशा पसरला. ओनेलिया मात्र हसली नाही. ती बासिलिओकडेच बघत होती.

"मागे जा, बाई," तो म्हणाला. "येफिम कसा गेला ते वाचा."

"मग शेवट राहील. तितकीच अडतीस पानं राहतील."

"राहू देत. त्याला टाकून मला शेवटाला जायचं नाही."

ती मागे गेली. येफिम गवताच्या कापणीत गेला होता. डॉक्टर त्याने वेळेवर पोचवला होता, स्वतः मात्र थंडीने खंगत गेला, आणि गवतात बसून त्याने फक्त घोड्याची चौकशी केली. मी "काही घडत नाही" म्हटलेलं ते पान.  एकशे पाच पाती पाटावर वाजली. बासिलिओचं वाजलं नाही. तो डोळे पुसत होता.

शेवटच्या शुक्रवारी त्याने आपला पाट पुसून ठेवला, सगळ्यांच्या गळ्यात पडला आणि गेला. बाहेरच्या माणसाला दालनात बसू देत नाहीत, तो नियम जुना आहे. शनिवार-रविवार ओनेलियाने दोनदा मला फोन केला. "आपण वाईट केलं, लिओनेल. तो आता कुठून ऐकणार?" 

सोमवारी जेवणानंतर तिने पुस्तक उघडलं आणि वीज गेली. माइक बंद. ती पुस्तक मिटायला लागली. इतक्यात रस्त्याकडच्या खिडकीच्या पट्ट्यांवर बाहेरून कुणीतरी टकटक केली. तिथे बासिलिओ घरचं स्टूल टाकून बसला होता.

ओनेलिया पुस्तक घेऊन ओट्यावरून उतरली आणि खिडकीला टेकली. मागच्या बाकांवरची माणसं पाट उचलून जवळ आली. मुकादमाने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिडकीच्या पट्ट्या पूर्ण उघडल्या.

"जोरात वाचा, बाई," बाहेरून आवाज आला. "आणि त्या हिशेबनिसाला काही विचारू नका."