पिवळ्या फितीतला नवरदेव

सत्याचा विजय होतोच, हे मला एका प्रकरणाने शिकवले, असे मी माझ्या निरोप समारंभात म्हणालो होतो. टाळ्या पडल्या. गळ्यात हार असताना माणूस बरेच काही म्हणतो. ते प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यांपुढे आहे.

तेव्हा माझी नेमणूक महामार्गालगतच्या एका ठाण्यात होती. आमच्या खात्यातून निवृत्त झालेला एक हवालदार जवळच्या कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक होता. त्याचा फोन आला.

"साहेब, हितं टोपीवाले पाहुणे येत्यात. अमका पोरगा तुमच्यात परमनंट हाय का, इचारत्यात. पोरगा निघतो कंत्राटी. मी काय सांगू?"

"आतापर्यंत काय सांगत होतास?"

"निर्व्यसनी हाय, म्हणून सांगतो."

भोर-वेल्ह्यात मुलगी द्यायची तर शेती नंतर विचारतात, आधी 'कंपनीत परमनंट आहे का' ते विचारतात. मुलीचे वडील गेटवर जाऊन खात्री करून येतात. साखरपुड्याआधीचा तो एक विधीच झाला आहे.

हे कंत्राटी 'परमनंट' येतात कुठून, याचा शोध कापूरहोळच्या फाट्यावर लागला. भिंतीवर जाहिरात होती : 'नामांकित कंपनीत कायमस्वरूपी भरती. मुलाखत नाही.' जाहिरात देणाऱ्याचे कार्यालय किकवीत, एका गॅरेजच्या माडीवर. तो मुलांकडून आगाऊ पैसे घेई, कंपनीच्या शिक्क्याचे बनावट नेमणूकपत्र देई आणि त्यांना ठेकेदाराकडे काही महिन्यांच्या कामावर लावून मोकळा होई. भिंतीवर त्याचा 'युवकांचा आधारस्तंभ' म्हणून झालेल्या सत्काराचा फोटो होता. हार घालणारे आमचेच एक वरिष्ठ होते. फोटो पंचनाम्यात घेतला नाही.

चौकशीत तो अजिबात डगमगला नाही. "साहेब, कायमस्वरूपी लिहिलं न्हाई तर पोरं जिना चढत न्हाईत. उलट माझ्यामुळं लग्नं जमली. समाजकार्यच हाय."

"मग तक्रार करील त्याच्या सासरवाडीला फोन करण्याची धमकी का देतोस?"

यावर त्याने पाणी मागितले.

नेमणूकपत्र मुलांपैकी कोणी द्यायला तयार नव्हते. फसलेले डझनावारी, फिर्यादी एकही नाही. प्रत्येक जण ठाण्यात येई, चहा पिई आणि "आमची काय तक्रार न्हाई" असा जबाब देऊन जाई. त्यातला एक वेल्ह्याकडच्या डोंगरातला होता. अंगाने पहिलवान आणि आवाज मात्र शाळेतल्या मुलासारखा. त्याचे लग्न ठरले होते.

"साहेब, सही केली की लगीन मोडतंय. तिच्या वडलांनी परमनंट बघून दिलीया. मला न्हाई जमायचं."

त्याला मी जास्त ताणले नाही. दोन दिवसांनी एक मुलगी आली. ठाणे अंमलदाराला वाटले, मोबाईल हरवल्याची नोंद करायची असेल. ती वरवे बुद्रुकजवळच्या एका युनिटमध्ये पॅकिंगला होती, तीही कंत्राटावरच. ठरलेला नवरा फोन उचलत नव्हता आणि त्याला ठाण्यात जाताना कोणीतरी पाहिले होते.

मी त्या पहिलवान मुलाला बोलावून घेतले. तिला बघताच तो उभा राहिला. बस म्हटले तरी बसेना.

"मी परमनंट न्हाई," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"ठावं हाय."

"कवापास्नं?"

"बघायला आलास तवापास्नं. कंपनीचं कार्ड गळ्यात घालून आलावतास की रे! हितल्या समद्या कंपन्यांत परमनंटची फीत निळी असती, तुझी पिवळी. माझी बी पिवळीच हाय."

कार्ड घालून मुलगी बघायला जाणे ही या पोरांची रीतच होती. बघणाऱ्या बापावर छाप पडे. बघितली जाणारी मुलगीही कारखान्यात जाते, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

"मग हो का म्हणालीस?" हा प्रश्न माझा. तपासाशी त्याचा काही संबंध नव्हता.

"परमनंट हाय म्हणताना ह्याचं कान लालभडक झालं, साहेब. म्हणलं, खोटं बोलायची सवय न्हाई गड्याला. संसाराला बरा."

त्याचे कान तेव्हाही लाल झाले. मग तो बसला आणि म्हणाला, "लिवा साहेब."

तो फिर्यादी झाल्यावर बाकीचेही आले. राहिले मुलीचे वडील. त्यांना ती स्वतःच घेऊन आली. सगळे ऐकून म्हाताऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग माझ्याकडे वळला.

"तुमी तरी परमनंट हायसा का?"

"पुढच्या वर्षी निवृत्त होतोय."

"म्हंजे तुमी बी न्हाईच," म्हातारा म्हणाला आणि टोपी झटकून डोक्यावर घातली. "चला. लग्नाची तयारी पडलीय."

आरोपीला अटक झाली, दोषारोपपत्र गेले, खटला चालू आहे. फसवणुकीच्या गुन्ह्यात आरोपी सापडतो. फसलेला माणूस सापडणे कठीण. असले भामटे आपल्या लाजेच्या भांडवलावर धंदा करतात. ज्याच्यापासून आपण लपवतो, त्याला बहुधा आधीच माहीत असते, आणि एकदा बोलून टाकले की खोट्याची गरजच संपते.

लग्नाची पत्रिका सासऱ्यांनी स्वतः छापून घेतली आणि मला हातात आणून दिली. नवरदेवाच्या नावाखाली कंसात छापले होते : कंपनीत परमनंट.