बायडाबाईचा नंबर

आदिनाथ गर्जे हा आमच्या साखर कारखान्याचा कॉम्प्युटरवाला. कागदावर त्याचा हुद्दा बराच लांबलचक आहे, पण चेअरमनपासून शिपायापर्यंत सगळे त्याला कॉम्प्युटरवालाच म्हणतात. मी ऊस विभागातली क्लार्क, विजयमाला. अठ्ठावीस वर्षं खिडकीमागे बसून लोकांना एकच वाक्य ऐकवत आले आहे, "तुमचा नंबर अजून आला नाही." त्यानं माणसाची जीभ तिखट होते, माझीही झाली.

ज्याची लागवडीची तारीख आधी, त्याचा ऊस आधी तुटणार, असा आमचा नियम. त्या सगळ्या तारखा आणि गाड्यांची वजनं वजनकाट्यामागच्या खोलीतल्या सर्व्हरमध्ये असतात. आदिनाथ आठवड्यातून एकदा कारखान्यावर यायचा. बाकीचे दिवस जामखेडकडच्या आपल्या गावी बसून लॅपटॉपवरून त्या सर्व्हरमध्ये शिरून काम करायचा. हौस म्हणून नाही. बायको वारलेली, लेक धनश्री सासरी, आणि घरात आई, बायडाबाई. तिला आता काही म्हणजे काही आठवत नाही. घराचा ओटा, दारचा लिंब आणि शेजारची रंगुबाई, एवढंच काय ते ओळखते. जागा बदलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

या बायडाबाईनं तीस हंगाम ऊस तोडला, त्यातले बरेच आमच्याच कारखान्याला. आदिनाथला नोकरी लागली त्या दिवशी त्यानं तिच्या हातचा कोयता काढून घेतला आणि सांगितलं, आता पुन्हा उसाच्या गाड्यांच्या त्या यार्डात पाय ठेवायचा नाही. हे त्यानं मला दहादा तरी सांगितलं असेल. आयुष्यात एवढीच एक गोष्ट मनासारखी झाली, असं त्याच्या बोलण्यावरून वाटायचं.

जानेवारीत बातमी आली, की आमच्या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्येच दोष आहे. बाहेरून आत येण्याची जी वाट, तिच्यावर पासवर्ड विचारला जाण्याआधीच कुणालाही शिरता येत होतं. कंपनीनं दुरुस्तीचं अपडेट दिलं होतं. आदिनाथ आईला रंगुबाईवर सोपवून एसटीनं आला, काटा थांबवला, ट्रॅक्टरवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि अपडेट टाकलं. तर ऊसनोंदीचा जुना प्रोग्रॅम उघडेचना. तो लिहिणाऱ्यानं कधीच दुकान गुंडाळलेलं. अपडेट काढलं, प्रोग्रॅम चालू झाला, पण दोषही परत आला. तीन दिवस हाच खेळ. चौथ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन बसला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"ताई, आता एकच उपाय हाय. हंगाम संपेस्तोवर बाहेरून यायची वाटच बंद करायची."

"मग तू काम कसं करणार?"

"इथं येऊन. रोज."

"आणि आई?"

त्यानं रंगुबाईला फोन लावून आई जेवली का ते विचारलं. माझं डोकंच फिरलं. "अरे, कुणाला कळणार आहे? आपल्या साहेबांना अजून माऊस धड धरता येत नाही. राहू दे दोन-तीन महिने उघडं. उसाच्या तारखा चोरायला कोण टपलंय?"

"चोरायला न्हाई, पण कुनी बदलल्या तर? काटाच बंद पाडला तर?" तो म्हणाला. "मी ल्हान हुतो तवा आमची उसाची बैलगाडी दोन दिवस यार्डात हुबी हुती. कुनीतरी काट्यावरचा नंबर मागं-पुढं केल्ता. आई गाडीखाली बसून हुती, आता येईल, मग येईल करत. मी पाह्यलंय, ताई."

तो उठून आत गेला आणि पाच मिनिटांत वाट बंद करून आला. चहाही न घेता गावाकडं निघाला. मला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी तो आईला घेऊन आला. कारखान्याच्या कॉलनीत खोली मिळाली, पण तिला एकटीला कोंडणार कसं? म्हणून माझ्या शेजारी खुर्ची टाकली. तिथून सगळं यार्ड दिसतं. उसाच्या गाड्या पाहताच बायडाबाईनं पदर कमरेला खोचला.

"आला का रं आपला नंबर?"

"आला, आई," आदिनाथ म्हणाला. मायेनंच म्हणाला. आणि सर्व्हरच्या खोलीत गेला.

मी एक चिठ्ठी लिहून वर पाहिलं तर खुर्ची रिकामी. बाई ट्रॅक्टरांच्या रांगेत शिरून, "आमची बैलं कुठं बांधली?" असं विचारत हिंडत होती. एका ट्रॉलीचं चाक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबलं. आम्ही दोघांनी तिला धरून आत आणलं.

पाणी पिऊन तिनं मला विचारलं, "बाई, आला का वो नंबर?"

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "तुमचा नंबर अजून आला नाही."

"बरं," ती म्हणाली. खुर्चीवरून उतरून भिंतीला टेकून बसली आणि दिवसभर तिथून हलली नाही.

तेव्हापासून हे असंच चाललंय. सर्व्हर सुखरूप आहे, एकही तारीख बदललेली नाही. बायडाबाई सारखी विचारते. आदिनाथ दर वेळी काम टाकून बाहेर येतो, "अजून न्हाई, आई" म्हणतो आणि पुन्हा आत जातो. हंगामाचे अजून सत्तर दिवस आहेत.

काल संध्याकाळी तिनं विचारलं, तेव्हा तो काम टाकून आला. तो दारात नुसता उभा राहिला. मग ते वाक्य मीच सांगितलं.