शनी कडेला ठेवून

"आधी सोपं बघू," असं म्हणून ते चष्मा कपाळावर सरकवायचे. गॅस पेटत नसो, कुलूप उघडत नसो, नळाला पाणी येत नसो, चष्मा वर, आणि "आधी सोपं बघू." नोकरी सगळी इगतपुरीला, रेल्वेच्या सिग्नल खात्यात. "सिग्नल पडला नाही तर आधी तार बघायची बाई, मग साहेबाला शिव्या द्यायच्या," हे त्यांचं शास्त्र. असा एखादा गृहस्थ तुमच्याही शेजारी राहून गेला असेल. पण तुमच्याकडच्यानं शनी घरात आणायचा घाट घातला नसेल.

नाशिकरोडला आमची दारं समोरासमोर, तळमजल्यावर. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते. फळ्यावर भिंग काढून त्यातून किरण असे नेमके पाडायची, की मुलींनी बघत राहावं. खऱ्या दुर्बिणीला मात्र जन्मात डोळा लावला नव्हता. तरी पदर खोचून सल्ले द्यायला मीच पुढे. त्या बाईची मला आता फार गंमत वाटते.

दुर्बीण त्यांच्या पुतण्यानं परदेशातून आणलेली. गच्चीवर त्यांना पहिल्यांदा शनी दिसला तेव्हा ते धावत खाली आले आणि बायकोला हातवारे करून सांगत बसले, असा गोळा, असं कडं. वहिनी अर्धांगवायूनं पलंगाला खिळलेल्या, उजवी बाजू गेलेली. सगळं ऐकून घेऊन त्या जड जिभेनं म्हणाल्या, "जन्मभर दर शनिवारी तेल घातलं. तोंड काही बघितलं नाही त्याचं."

झालं. पुतण्याला निरोप गेला आणि अंगठ्याएवढा कॅमेरा आला. शिकाऊ लोकांसाठी असतो तसला. दुर्बिणीला आपण डोळा लावतो तिथे तो बसवायचा, त्याची तार संगणकाला, आणि तिथून चित्र वहिनींच्या पलंगासमोरच्या टीव्हीवर.

त्यांची थोरली बहीण ऐकून हादरलीच. "अरे, शनी कुणी घरात घेतं का? साडेसाती ओढवून घेशील!"

"वन्सं, झोपवून तर ठेवलंच आहे त्यानं," वहिनी म्हणाल्या. "आता अजून काय करणार? येऊ द्या."

घाई दोन्हीकडून होती. डॉक्टरांनी भाऊजींना बाहेर बोलावून सांगितलं होतं, दुसरा झटका आला तर हाती काही नाही. आणि शनी आठवड्याआठवड्यानं पश्चिमेला कलत होता. शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीआड गेला की संपलं.

पहिल्या संध्याकाळी पडदा काळा ठिक्कर. मी अपवर्तनावर एक छोटंसं व्याख्यान दिलं. ते शांतपणे म्हणाले, "आधी सोपं बघू," आणि दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण काढलं.

मग तारेचं दुखणं. कॅमेऱ्याची तार जोडून जोडून तळमजल्यापर्यंत आणली, तर कॅमेरा मुकाच. इतक्या लांबून संगणकाला तो लागलेला कळेचना. शेवटी संगणकच गच्चीवर नेला आणि टीव्हीची लांब तार खिडकीतून खाली सोडली. मग चित्र यायला लागलं, पण त्यात ग्रह सापडेना. कॅमेऱ्याला आकाश दिसतं ते सुईच्या भोकाएवढं. मोठ्या दुर्बिणीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण आणि मोठी, दोघी एकाच जागी बघत नव्हत्या. त्यांनी दिवसाउजेडी दूरच्या विजेच्या खांबाचं टोक धरून दोघींची नजर जुळवली.

त्याच संध्याकाळी टीव्हीवर कडं उमटलं. गोल, लखलखीत, मध्ये काळं. "कडं! कडं आलं!" मी जिन्यात जाऊन इतकी ओरडले की चार घरं गोळा झाली. मी शिरा करायला टाकला. थोरल्या वन्संनी तर दारातून हात जोडले. वरती भाऊजींनी दुर्बिणीचा स्क्रू फिरवला आणि इकडे टीव्हीवर कडं आवळत आवळत एक ठिपका होऊन बसलं. साधी चांदणी होती. चित्र नीट जुळवलेलं नव्हतं, म्हणून फुगलेली, आणि मधलं काळं म्हणजे दुर्बिणीतल्या छोट्या आरशाची सावली. वहिनी म्हणाल्या, "शनीनं दागिना उतरवून ठेवला वाटतं." शिरा सगळ्यांनी खाल्ला. विज्ञानाच्या बाईंना तो जरा गोड कमी लागला.

खरा शनी आला तो पाडव्यानंतर. आधी नुसता पांढरा फटफटीत डाग. त्यांनी उजेड उतरवत आणला, स्क्रू केसभर फिरवला, आणि डागाला कडं फुटलं. पाण्यात पडल्यासारखं थरथरत होतं. वहिनींना आनंद झाला की माहेरची नामपूरची बोली यायची. "केवढासा शे!" त्या म्हणाल्या, आणि डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "त्यांना बोलवा खाली. एकटीनं नाही बघायचं मला."

मी खिडकीतून हाक मारली. वरून उत्तर आलं, "मी सोडली तर जाईल तो!" खरंच होतं. दुर्बीण आपोआप फिरणारी नव्हती. पृथ्वी फिरते, शनी चित्रातून सरकत निघून जातो, आणि तो परत आणायला कुणीतरी बोटानं दुर्बीण ढकलत राहावं लागतं. मी म्हटलं, मी येते वर ढकलायला. माझ्या पहिल्याच धक्क्याला शनी कुठल्या कुठे गेला.

मग त्यांनीच तोड काढली. शनी चित्राच्या एका कडेला आणून ठेवायचा आणि दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत आपण जिना उतरायचा. मी वहिनींपाशी बसून ऐकत होते: दोन जिन्यांवरून चपला फटफटत आल्या, ते धापा टाकत पलंगावर टेकले. शनी मध्य ओलांडून चालला होता. दोघांनी मिळून तो कडेला जाताना पाहिला. गेला. ते पुन्हा वर. पुन्हा खाली. चौथ्या की पाचव्या खेपेला वहिनी म्हणाल्या, "पुरे आता. बसा इथंच." नंतर दोघं त्या रिकाम्या पडद्याकडे बराच वेळ बघत होते.

आषाढात वहिनी गेल्या. दहाव्याला बहीण म्हणाली, "सांगत होते मी." भाऊजींनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मीच भांडायला उठले, तर हातानं मला बसवलं.

पुढच्या वर्षी शनी पुन्हा संध्याकाळचा दिसू लागला. एक दिवस जिन्यावर चपला वाजल्या, पण सावकाश, मध्ये थांबत. मी डोकावले. पलंगावर गादी गुंडाळलेली, टीव्हीचा पडदा काळा, आणि ते दारातच उभे.

"काय बिघडलं, भाऊजी?"

"बिघडलं काही नाही बाई. गुडघे. मी येईपर्यंत तो निघून जातो."

"मी ढकलते वर. या वेळी नीट ढकलेन. तुम्ही खाली बसा."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला.

"नको," म्हणाले. "एकट्यानं खाली बसून काय बघायचं?" आणि जाऊन टीव्हीचं बटण बंद केलं.

त्यानंतर दुर्बीण काही वर गेली नाही. दोन-तीन वर्षांनी तेही गेले. सामान पुतण्यानं हलवलं. आता समोर नवं बिऱ्हाड आहे, चांगली माणसं आहेत. नात मला फोनवर शनी दाखवते. रंगीत, मोठा, कडं अगदी कोरून काढल्यासारखं. सगळं खरं. फक्त तो जागचा हलत नाही. कुणी धावत यायची गरजच नाही त्याला.