अक्काचा आवाज पोचेना

काटेवाला सकाळपासून पार चक्रावून गेला होता. दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. काट्यात काय बिघडलंय ते त्याला हात लावताच कळायचं, पण हा ईमेल काय म्हणतोय ते काही केल्या डोक्यात शिरेना.

भानगड अशी, की घशाच्या ऑपरेशनात थोरल्या बहिणीचा, अक्काचा, आवाज गेला होता. तेव्हा या गड्याने सहा महिने खपून एक प्रोग्राम लिहिला. अक्काने शब्द टाइप करायचा, कॉम्प्युटरने तो बोलायचा. सगळे शब्द त्याने स्वतःच्याच घोगऱ्या आवाजात भरले. 'आले', 'गेले', 'दमले', असे बाईमाणसाचे शब्दसुद्धा. बायको हसून हसून बेजार झाली होती.

गेल्या आठवड्यात अक्काचा कॉम्प्युटर जळाला. नवा आला, पण तो मुका. अक्का राहायची लांबच्या शहरात आणि उद्या तिचा शिवणवर्ग पुन्हा सुरू व्हायचा होता. न बोलणाऱ्या बाईकडे मुली टिकणार नाहीत, या धास्तीने तिने अन्न सोडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

त्याने प्रोग्राम ईमेलला जोडला. सुरक्षेच्या कारणास्तव ही फाइल जाऊ शकत नाही, असं उत्तर आलं. झिप करून पाठवला, तरी तेच.

"माझा प्रोग्राम काय चोर आहे?" त्याने बायकोला विचारलं.

"मला काय विचारताय? त्याला विचारा."

मग त्याने फाइलच्या नावाची शेवटची अक्षरं बदलून तिला फोटोचं सोंग दिलं. गेली एकदाची. पण ईमेल आपलं पत्रही वाचत असणार, मग युक्ती फुटणार, म्हणून शहाण्याने पत्रात त्याबद्दल चकार शब्द लिहिला नाही.

तासाभराने अक्काचं उत्तर आलं. 'फोटो उघडत नाही. कुणाचा आहे? घरी सगळं ठीक ना?'

त्याने कपाळावर हात मारला आणि फोन लावला. ऐकू तर तिला येत होतं.

"अक्का, हो असेल तर फोनवर एकदा टिचकी मार, नाही असेल तर दोनदा. तो फोटो म्हणजे प्रोग्राम आहे. नावात टिंबापुढची अक्षरं दिसतात?"

टक टक.

"थांब, दिसायला लावू. फाइल आहे ना अजून?"

टक टक. बाईने कचरा समजून ती पुसून टाकली होती.

त्याने पुन्हा पाठवली. इथे दाब, तिथे दाब, नाव बदल, असं दीड तास चाललं. कोणती टक कशाची, हे शेवटी दोघांनाही कळेनासं झालं. मग टिचक्याच थांबल्या.

"अक्का? जमलं का?"

त्याला वाटलं, रडत बसली असणार.

आणि फोनमधून त्याचाच घोगरा आवाज अडखळत म्हणाला, "मी. आले. जेवलास. का."

सकाळपासून त्याच्या पोटात घास नव्हता. त्याने फोनवर दोन टिचक्या मारल्या.