बाटली भरलेलीच होती

माझी बदली धानोऱ्याच्या शाळेत झाली तेव्हा मुलगी सातवीत होती. नवरा भद्रावतीजवळच्या कोळसा खाणीत कामाला, तिची शाळाही तिथलीच, म्हणून ती बापापाशी राहिली आणि मी इकडे एक खोली आणि पडवी भाड्यानं घेतली. पंधरा दिवसांतून एकदा मी तिकडे जायची, नाहीतर ते दोघं यायचे. दिवाळीनंतर आली तेव्हा मुलगी छातीशी खोका धरून बसमधून उतरली. खोक्यात गिनिपिग होता. पांढरा, पाठीवर तपकिरी पट्टा, शेपूट नाही, डोळे काळ्या मण्यांसारखे.

"बाबांनी माझ्यासाठी आणला होता," ती म्हणाली. "पण तू एकटी असतेस ना, आई. तू ठेव याला."

मला खरं तर तो नको होता. घरात प्राणी ठेवायची मला सवय नव्हती, आणि शाळेतून आल्यावर कोणाचंही काही करायचा उत्साह नसायचा. पण तिनं तो ज्या चेहऱ्यानं दिला, त्यापुढे नाही म्हणता आलं नाही. पडवीत पिंजरा ठेवला, पिंजऱ्याच्या जाळीला पाण्याची बाटली उलटी टांगली. बाटलीच्या नळीच्या टोकाला स्टीलची बारीक गोळी असते. तो जिभेनं ती गोळी हलवायचा आणि थेंब थेंब पाणी यायचं. महिनाभरात माझी अशी गत झाली की वह्या तपासताना मी त्याच्याशी बोलत बसायची. कोणाच्या वहीत काय गंमत आहे ते वाचून दाखवायची.

घरमालकीण बाई सत्तरीच्या पुढच्या. शेजारच्याच घरात एकट्या राहायच्या, चार शेळ्या पाळायच्या, मोहाच्या दिवसांत पहाटेच टोपली घेऊन फुलं वेचायला जंगलात जायच्या. त्यांनी पहिल्यांदा पिंजऱ्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा उंदीर काऊन पोसून राह्यल्या, म्याडम?" पुढच्या आठवड्यापासून मात्र त्याच उंदरासाठी वाफ्यातला सांबार आणून द्यायला लागल्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

एप्रिलमध्ये मला निवडणुकीचं काम लागलं. तीन दिवस बाहेर, मतदान केंद्र खूप आतल्या गावात, फोन लागत नाही असं. जाताना मी बाटली काठोकाठ भरली, वाळलं गवत आणि दाण्याचा डबा काढून ठेवला, काकडीचे दोन तुकडे टाकले आणि बाईंना सांगितलं, "सकाळ-संध्याकाळ एकदा पाहून घ्याल का?"

"जा ना तुमी. शेळ्या पाह्यतो, त्यात हा काय मोठा."

शनिवारी सकाळी परत आले. अंगावर तीन दिवसांची धूळ होती. पडवीत शिरले तर तो कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून बसलेला, केस फुललेले, डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली तर कान हलला नाही. दाणे होते तसेच. पिंजऱ्यात लेंड्या अगदी मोजक्या, बारीक आणि टणक. मी बाटलीकडे पाहिलं. बाटली भरलेली होती. आधी वाटलं, बाईंनी आत्ताच भरली असेल. मग नळीच्या टोकाला बोट लावलं. गोळी हलेना. इकडच्या पाण्यात क्षार फार, भांड्यांवर पांढरा थर बसतो, तसाच थर त्या गोळीभोवती बसला होता. नळीवर त्याच्या दातांचे ओरखडे होते. मी जोरात हलवली तेव्हा एक थेंब माझ्या बोटावर पडला.

तीन दिवस. बाहेर पंचेचाळीसच्या आसपास ऊन. काकडी पहिल्याच दिवशी संपली असणार.

बाई शेळ्या सोडून आल्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि पिंजऱ्यात पाहिलं. "म्या रोज पाह्यलं, म्याडम. दोन्ही टाइम. बाटली भरलीच होती. मले वाटलं, पाणी हाये त्याले, मंग कायले टाकू?" बाटली भरलेली दिसली की मीही तेच समजले असते. आणि गोळी हलते की नाही ते जायच्या आधी पाहायचं काम माझं होतं.

वाटीत पाणी ठेवलं, त्याचं तोंड वाटीशी नेलं. तो प्यायला नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत घातला आणि मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. शनिवार असल्यानं दवाखाना बंद होता. डॉक्टर मागच्या क्वार्टरमध्ये राहायचे, तरुण माणूस, जेवायला बसले होते. हात धुऊन तसेच उठून आले. टोपलीत पाहिलं आणि म्हणाले, "म्याडम, खरं सांगतो. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, काही आणा. हा प्राणी मी फक्त कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाहिला आहे. याच्यावर इलाज कधी केला नाही."

"नागपूरला नेऊ का?"

"थांबा." त्यांनी त्यांच्याबरोबर शिकलेल्या एका डॉक्टर बाईंना नागपूरला फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडून त्या म्हणाल्या, "या उन्हात बसमधून आणू नका, वाटेतच जाईल. आधी त्याच्या अंगात पाणी जाऊ द्या. सलाईन कातडीखाली द्या, मी प्रमाण सांगते. आणि मालकांना सांगा, याचं पोट रिकामं राहता कामा नये. आतडी थांबली की संपलं. दर दोन-तीन तासांनी भरवावंच लागेल. तो खाणार नाही. तरीही भरवायचं."

डॉक्टरांनी मानेच्या मागची कातडी चिमटीत धरून सुई घातली. तिथं लिंबाएवढा फुगा आला. गिनिपिग ओरडलाही नाही. मला वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी सुई काढलेली बारीक सिरिंज माझ्या हातात दिली आणि फोनवर ऐकलेलं करून दाखवलं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून बाजूनं आत घालायची. समोरून नाही. एकदम नाही. थोडं सोडायचं, तो चावेल, गिळेल, मग पुढचं. "घाई झाली की श्वासनळीत जाईल," ते म्हणाले. "तेवढं सांभाळा."

घरी आल्यावर दाणे कोमट पाण्यात भिजवले. त्यात हिरवं गवत वाटून घालायला सांगितलं होतं. एप्रिलमध्ये धानोऱ्यात हिरवं गवत कुठून आणायचं? बाई म्हणाल्या, "बोरिंगपाशी हाये हरळी. सांडपाण्यानं हिरवी राह्यते." आणि विळा घेऊन गेल्याही. ती हरळी मी वाटली, गाळली, दाण्याच्या लगद्यात कालवली. टॉवेलमध्ये त्याला गुंडाळून मांडीवर घेतलं. पहिल्या सिरिंजमधलं जवळपास सगळं हनुवटीवरून ओघळलं. छातीवरचे पांढरे केस हिरवे झाले. दुसऱ्यांदा त्यानं जबडा हलवला, पण गिळलं की नाही ते कळेना. मी तिसरीला शिकवते. भात नको म्हणणारी शंभर मुलं मी समजावून जेवू घातली असतील. इथे समजावण्यासारखं काही नव्हतं. तो माझ्याकडे बघतही नव्हता.

रविवारी सकाळी मुलीचा फोन आला. ठरलेलाच असायचा.

"आई, त्याच्याजवळ धर ना फोन."

"झोपलाय गं."

"एवढ्या वेळ? उठव ना."

"गरमी आहे, झोपू दे." माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण तिनं पुन्हा उठव म्हटलं नाही. मग म्हणाली, "तुझी ड्युटी झाली ना नीट?" मी म्हटलं, झाली. फोन ठेवला तेव्हा तो माझ्या मांडीवरच होता आणि सिरिंज माझ्या दुसऱ्या हातात होती.

त्याच दिवशी संध्याकाळी माझ्याकडून घाई झाली. सकाळपासून त्यानं निम्मंही घेतलं नव्हतं आणि मला वाटलं, थोडं जास्त गेलं तर बरं. अंगठा दाबला गेला. तो एकदम ताठ झाला, मान मागे टाकली, तोंड उघडं, आवाज नाही. मी त्याला पुढे वाकवलं, तोंड खाली केलं, बोटानं लगदा काढला, पाठ चोळत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग शिंकेसारखा एक आवाज आला आणि तो श्वास घ्यायला लागला. मी त्याला पिंजऱ्यात ठेवलं आणि पडवीच्या भिंतीला टेकून बसले. नंतरचा घास मी भरवला नाही. हातच होईना. बाईंनी टॉवेल घेतला, त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "सांगा मले कशी धराची थे." करडांना बाटलीनं दूध पाजलेले हात होते ते. माझ्यापेक्षा सावकाश आणि माझ्यापेक्षा चांगलं भरवलं त्यांनी.

नवऱ्याला मी फोनवर सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं. तो आधी म्हणाला, "उंदरासाठी रडून राह्यली काय?" मग तोच म्हणाला, "पोरीले काय सांगू?"

"काही सांगू नको."

सोमवारी सकाळची शाळा होती. सात ते अकरा. बाई मोह वेचून नऊपर्यंत परत यायच्या, मधला एक घास त्या भरवायच्या. वर्गात मी पाढे म्हणून घेत होते आणि डोक्यात हेच, की घरी गेल्यावर पिंजऱ्यात काय दिसेल. शाळेच्या पोषण आहाराचा काटा मी मुख्याध्यापकांना विचारून घरी आणला होता. डाळ-तांदूळ मोजायचा काटा, त्याच्या ताटलीत तो निमूट बसायचा. शनिवारी दवाखान्यात भरलं होतं त्यापेक्षा वजन कमी झालं होतं. मंगळवारी आणखी कमी. डॉक्टर रोज संध्याकाळी येऊन सलाईन देऊन जायचे आणि दर वेळी मी विचारायची, "वाचेल ना?" ते म्हणायचे, "भरवत राहा." मंगळवारी मी विचारलंच नाही.

मंगळवारी दुपारी नवरा आला. खाणीतली पाळी सोडून, भद्रावती ते चंद्रपूर, चंद्रपूर ते गडचिरोली आणि पुढे धानोरा, तीन बस बदलून. पिशवीत ढोबळी मिरच्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या आणि डॉक्टरांनी सांगितलेले क जीवनसत्त्वाचे थेंब. या प्राण्याला ते अंगात तयार करता येत नाही, बाहेरूनच द्यावं लागतं, हे मला त्या आठवड्यात कळलं. पाच महिने मी त्याला पाळत होते.

"पोरीला काय सांगून आलास?"

"सांगितलं, आईले बरं नाई." तो पिंजऱ्यापाशी उकिडवा बसला. "रडत होती ते. मले येऊ द्या म्हणे. परीक्षा हाये म्हणून ठेवली शेजारी." मग पिंजऱ्यात हात घालून त्याची पाठ चाचपली आणि म्हणाला, "लई वाळला बिचारा."

म्हणजे आता मुलगी माझ्यासाठी घाबरून बसली होती. मी तिला फोन केला, ताप होता, उतरला म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "त्याला तुझ्याजवळ ठेव, तुला बरं वाटेल."

बुधवारी बाईंनी हरळीची जुडी पिंजऱ्याजवळ ठेवली होती, वाटायला. मी शाळेतून आले तेव्हा एक काडी जाळीतून आत ओढली गेलेली होती आणि अर्धी नव्हती. मी दुसरी काडी त्याच्या तोंडापाशी धरली. बराच वेळ काही नाही. मग त्यानं ती धरली आणि ओढली. फार हळू, मधे थांबत, पण चावली. संध्याकाळी लेंड्या दिसल्या, जरा मोठ्या, जरा ओल्या. बाईंनी त्या तळहातावर घेऊन मला दाखवल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. पुढचे आठ दिवस आम्ही भरवत राहिलो, पण आता तो स्वतःही खात होता. वाटीतलं पाणी प्यायला लागला. त्या नळीच्या बाटलीशी तो पुन्हा गेला नाही, शेवटी मी ती काढूनच टाकली.

मागचा उजवा पाय मात्र पूर्ण सावरला नाही. चालताना तो पाय ओढायचा. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणानं असेल, नसेलही, मला सांगता येणार नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलगी आली. चप्पल काढायच्या आधी पिंजऱ्यापाशी गेली. त्याला बाहेर काढून जमिनीवर सोडलं, दोन पावलं चालू दिलं.

"याच्या पायाला काय झालं?"

मी सांगितलं. बाटली, तीन दिवस, सिरिंज, सगळं. ती मांडी घालून ऐकत होती, त्याच्या पाठीवरून हात फिरवत. शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे तुला ताप नव्हताच?"

"नव्हता."

"मी त्या रात्री जेवले नाही, आई."

तुझी परीक्षा होती म्हणून, तू घाबरशील म्हणून, ही कारणं तोंडापर्यंत आली आणि खोटी वाटली. मला फक्त तिला ते सांगायचं नव्हतं. ती चिडली नाही. चिडली असती तर मी काहीतरी बोलू शकले असते. दोन दिवस ती त्याचं सगळं स्वतः करत राहिली, मला हात लावू दिला नाही असं नाही, पण मी उठायच्या आत ते झालेलं असायचं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी याला घेऊन जाऊ का?"

"ने," मी म्हटलं.

नवरा तिला न्यायला आला आणि पहाटेच्या पहिल्या बसनं गेले ते, ऊन चढायच्या आत. बाईंनी हरळीची पेंडी ओल्या कापडात बांधून दिली आणि मुलीला सांगितलं, "वाटीतच दे पाणी, माय. रोज बदल." मुलीनं खोका मांडीवर घेतला, खिडकीतून माझ्याकडे पाहून हात हलवला, आणि बस वळेपर्यंत हलवत राहिली.

तो त्यानंतर वर्षभर भद्रावतीला जगला. तिथं गेल्यावर मी त्याला घेऊन बसायची आणि तो माझ्या मांडीवर गप्प बसायचा. त्याला काय आठवत होतं कोण जाणे. धानोऱ्याच्या पडवीत बाई आता शेळीचं एक पिल्लू बांधतात. शाळेतून आले की ते ओरडतं, आणि मी आधी त्याच्या पाण्यात बोट घालून पाहते.