बहिऱ्या बाबांची फटफटी

माझे बाबा तेलावर कामाला आहेत असं सांगितलं, की लातुरात लोक लगेच विचारायचे, कुठल्या मिलमध्ये? त्यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडं तेल म्हणजे करडईचं, नाहीतर शेंगदाण्याचं. जमिनीला भोक पाडून तेल काढतात आणि त्यासाठी माणूस पार गुजरातेत जाऊन राहतो, हे समजावता समजावता माझं डोकं फिरायचं. मला राग तसाही लवकर येतो. शेवटी मी “हाव, मिलमध्येच” म्हणून मोकळी व्हायची.

खरं तर बाबा निघाले होते पाण्यासाठी. मोठ्या दुष्काळात औशाकडच्या आमच्या खेड्यातल्या विहिरींचे तळ दिसायला लागले. सगळी वस्ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. तेवढ्यात बोअर पाडणारी गाडी आली आणि बाबा हातोडा टाकून तिच्यावर पाइप उचलायला लागले. गावोगाव फिरले. बऱ्याच ठिकाणी नुसता फुफाटा निघाला, पण त्या कामात त्यांचा हात बसला. पुढं गाडीवरच्या मुख्य माणसाला गुजरातेत तेलाची विहीर पाडणाऱ्या यंत्रावर, म्हणजे रिगवर, बोलावणं आलं, तेव्हा त्यानं बाबांनाही सोबत नेलं. आम्ही कधी न पाहिलेल्या त्या माणसाचे उपकार आमच्या घरात आजही आठवले जातात.

पंधरवडा रिगवर, पंधरवडा घरी, अशी त्यांची नोकरी. जम बसल्यावर त्यांनी पहिली घेतली ती फटफटी. घर न्हाई, शेत न्हाई, फटफटी! माझी माय हे वाक्य वर्षानुवर्षं वेगवेगळ्या सुरांत म्हणत आली. तिचं माहेर मुदखेडचं, आणि तिचा भाऊ, म्हणजे माझे मामा, नांदेडला राहायचे. कामावर जाताना बाबा मामांच्या अंगणात फटफटी लावून रेल्वेत बसायचे. सुट्टीला आले की तिथून तिच्यावरच लातूर गाठायचे. एसटीनं या म्हटलं तर त्यांना अपमान वाटायचा.

घरी पोचायचे तेव्हा भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या असायच्या. आधी फटफटी पुसायची, मग आम्हाला जवळ घ्यायचं. यावरून मी किती रुसले असेन! पण एकदा घरात शिरले की माणूस पुरता आमचा. मटण तेच शिजवणार, माझ्या वेण्या तेच घालणार, आणि इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे. रोज बाप घरी असलेल्या माझ्या मैत्रिणींना एवढा बाप मिळत नव्हता.

लातूर जिल्हा झाला आणि गावाची चालच बदलली. नवी ऑफिसं, नवे साहेब, धावणाऱ्या जीपा, रस्त्यावर ट्रकच ट्रक. नेमके त्याच सुमारास बाबांचे कान गेले. रिगचा आवाज वर्षानुवर्षं झेलून ते हळूहळू निकामी होत आले होते, आणि आमच्या ते ध्यानातच आलं नाही. मायला वाटायचं, हे मुद्दाम ऐकून न ऐकल्यासारखं करून राहिले.

एकदा ते कोपरं सोलून घरी आले. अहमदपूरच्या अलीकडं खडीवर घसरलो म्हणाले. संध्याकाळी आमच्याच गल्लीतला एक ट्रक ड्रायव्हर दारात आला. मी मागून सारखा हॉर्न देत होतो, त्यानं मायला सांगितलं, यांनी मानसुद्धा वळवली न्हाई. शेवटी ट्रक अंगाला घासून गेला होता.

माय भाकरी थापत होती. तशीच थापता थापता तिनं बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं निकाल दिला, फटफटी विकायची. “मला नवरा पाहिजे, फटफटी न्हाई.” बाबांनी वाद घातला नाही. तीच गोष्ट मला भिववून गेली.

पुढच्या सुट्टीत एका डाळमिलचे मुनीम फटफटी बघायला आले. बाबांनी ती पहाटेच धुऊन ठेवली होती, दरवर्षी जयंतीच्या मिरवणुकीआधी धुवायचे तशी. थंडीत ती कशी चालू करायची, कुठं कुरकुर करते, काय केलं की ऐकते, सगळं त्यांनी मुनीमजींना ओरडून ओरडून सांगितलं. मग आत येऊन भिंतीकडं तोंड करून बसले. मायनं ते पाहिलं. चहाची बशी घेऊन ती बाहेर गेली आणि मुनीमजींना म्हणाली की तुमची खेप वाया गेली, माफ करा, आम्हाला विकायची न्हाई.

परत आत येऊन ती बाबांच्या कानाशी ओरडली, “एकट्यानं बसायचं न्हाई. मी मागं बसणार. आजपासून तुमचे कान मी.” फटफटी लातुरातच राहील आणि नांदेडहून निमूट एसटीनं यायचं, हेही तिनं त्याच दमात ठरवून टाकलं.

रिगवर एवढा गोंगाट, की माणसं हातानंच बोलतात. एकानं इशारा केला की दुसऱ्यानं तो समजल्याची खूण द्यायची, त्याशिवाय पुढचं काम नाही. बाबांनी ओसरीवर दोन स्टुलं मांडून मायला तसं शिकवलं. उजव्या खांद्यावर थाप, मागून गाडी. डाव्यावर, कडेला घ्या. दोन्हींवर एकदम, म्हणजे जिवाशी गाठ, आहे तिथं थांबा. कळलं की बाबा मान हलवणार.

पहिल्याच फेरीला आम्ही तिघं औशाच्या रस्त्याला निघालो. माय मधे, मी शेवटी. रस्त्याकडेला एक बाई हरभऱ्याचे ढाळे विकत बसली होती. मायचा जीव की प्राण ते! तिनं आनंदाच्या भरात दोन्ही खांद्यांवर दणादण थापा मारल्या. बाबांनी करकचून ब्रेक दाबला आणि आम्ही तिघं फटफटीसकट शेतातल्या ढेकळांत. बाबा घाबरेघुबरे उठले, काय झालं, कोण मेलं? माय तोंडातली माती थुंकत म्हणाली, “ढाळे.” बाबा पोट धरधरून हसले. कुणाला फार लागलं नव्हतं. तिथंच बांधावर बसून आम्ही ढाळे खाल्ले.

पुढं माय इतकी तयार झाली, की ट्रक दिसायच्या आधी तिची थाप पडायची. लग्नं, बारशी, मुदखेडच्या फेऱ्या, सगळं त्या दोघांनी असंच केलं. बाबा धडधाकट निवृत्त झाले. आम्ही भावंडं शिकलो, नोकरीला लागलो. बाबांचे कान आमच्या शिक्षणात गेले, हे मी कुणालाही तोंडावर सांगते. त्या दोघांचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत.

बाबा वारले, त्याच्या वर्षभर आधी ते अंगणात ऊन खात बसले होते. माझं डोकं त्या दिवशी उगाच तापलेलं. मी त्यांच्या कानाशी ओरडले, त्या रिगनं तुम्हाला बहिरं केलं, तुम्हाला कधी राग कसा आला न्हाई? बाबांना हळू बोलणं जमतच नव्हतं, त्यामुळं त्यांचं उत्तर गल्लीनं ऐकलं आणि आत चहा गाळणाऱ्या मायनंही.

“ऐकू यायचं तवर तुझी माय मागं कॅरियर धरून बसायची. चार लोकांत नवऱ्याला हात कसा लावायचा म्हणायची. कान गेले, तवापासून तिचा हात माझ्या खांद्यावर. राग कशाचा येईल गं?”